सातव्या मजल्यावरची झोप

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मी इतकी वर्षं काढली, पण आमच्या स्वतःच्या ऑफिसला लिफ्ट नव्हती. नागपूरच्या सदरमधली जुनी इमारत, खाली चष्म्याचं दुकान, मधल्या मजल्यावर एक वकील आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही. जिने चढून धापा टाकत आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक यावरून आम्हाला टोमणा मारायचं, आणि प्रत्येकाला वाटायचं की हा टोमणा आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. मी दर वेळी हसायची. नोकरीतलं निम्मं काम तेच होतं.

उरलेलं निम्मं म्हणजे फोन उचलणं. कुठं लिफ्ट अडकली, कुठं दार लागत नाही, कुठं तिसऱ्याचं बटण दाबलं की पाचव्यावर नेऊन सोडते, असे फोन माझ्याकडे यायचे आणि मी आमच्या चार मेकॅनिकांपैकी एकाला तिकडे धाडायची. चार माणसं आणि अख्खं नागपूर. जिथं काल बंगला होता तिथं आज सात मजले उभे राहत होते, आमची माणसं मात्र चारची चारच. तरी निभत होतं. मी एका जाड वहीत तक्रारी लिहायची. आवाजावरून मला कळायचं की कोण खरंच घाबरलंय आणि कोणाला नुसतं ओरडायचंय, त्या अंदाजानं माणूस पाठवायची. रात्रीचा फोन ज्याची रात्रपाळी त्याच्याकडे जायचा. संध्याकाळी मी स्कूटर काढली की वही ऑफिसात आणि मी प्रताप नगरात, आपल्या घरी.

मग पुण्याहून नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर मोबाइलमधलं घड्याळ आलं.

साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते. उगाच कोणाला वाटायला नको की आता एक दुष्ट माणूस येणार. ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे, डबा सगळ्यांबरोबर खायचे, आणि सावजीची भाजी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही 'छान आहे' म्हणाले होते. पण त्यांचा त्या घड्याळावर फार जीव. तक्रार नोंदली की मोबाइलवर एक हिरवी पट्टी सुरू व्हायची. थोड्या वेळानं ती पिवळी, आणि तरीही काम झालं नाही की लाल. लाल झाली की ती वरच्या, म्हणजे मुख्य ऑफिसला दिसायची, आणि वरचं ऑफिस साहेबांना फोन करायचं, साहेब मला करायचे. रात्रीचे फोनही आता आधी माझ्याच मोबाइलवर यायला लागले, कारण पट्टी कोणीतरी पाहत राहायला हवी होती. वही ऑफिसात राहायची, मोबाइल उशीखाली राहायला आला.

त्याआधी माझी झोप नात्यागोत्यात नावाजलेली होती. माझ्या चुलत बहिणीच्या वरातीत बँडच्या गाडीवर टेकून मी झोपले होते, हे अजून लग्नाकार्यात सांगितलं जातं. तीच मी आता रात्री तीनदा उठून पट्टीचा रंग पाहायला लागले. तक्रार नसली तरी पाहायची. डोळा लागलाच तर स्वप्नात मीच लिफ्टमध्ये अडकलेली असायची आणि फोन लावला की पलीकडून माझाच आवाज यायचा, 'तुमची तक्रार नोंदवली आहे.' शेजारी नवरा घोरत असायचा. तो शाळामास्तर, दिवसभर साठ पोरांवर ओरडून आलेला माणूस पाठ टेकली की मिनिटभरात गारद. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला त्याचा असा राग कधी आला नव्हता. एकदा मी त्याला मुद्दाम हलवून उठवलं आणि विचारलं, "झोप लागली का?" तो हो म्हणाला आणि परत झोपला.

सासूबाईंनी माझ्या झोपेचं काम स्वतःकडे घेतलं. आधी दुधात जायफळ उगाळून झालं. मग काशाच्या वाटीनं तळपाय घासून झाले. त्यात त्यांचेच हात इतके दमले की त्या तिथंच माझ्या पायथ्याशी झोपून गेल्या आणि मी त्यांच्या अंगावर पांघरूण घालून पट्टी पाहत बसले. सकाळी त्या म्हणाल्या, "काहून वं, तो मोबाइल आहे का तान्हं लेकरू? दर घंट्याले उठून पाहून राहिली." मी चिडून म्हणाले की लेकरू मोठं तरी होतं. त्यांना ते पटलं असावं, कारण पुढं त्यांनी तो विषय काढला नाही, नुसतं जायफळ वाढवलं.

झोप लागायची ती फक्त रविवारी सकाळी, विहारात. वंदना झाली की थोडा वेळ डोळे मिटून ध्यान. बाकीच्यांचा श्वासावरचा अभ्यास चाललेला असायचा आणि माझी मान छातीवर. एकदा जाग आली तेव्हा खीर वाटून झाली होती. आमचे भंतेजी मोठे मिस्कील. ते सासूबाईंना म्हणाले, "तुमच्या सुनबाईचं ध्यान गंज खोल लागते, लय खोल. आम्हाले नाही जमत." सासूबाईंनी ते अख्ख्या गल्लीत कौतुक म्हणून सांगितलं.

आता आमच्या मेकॅनिकांबद्दल सांगायला हवं, त्यातल्याही एकाबद्दल. तो कोराडीच्या बाजूचा, तिशीतला, काडीसारखा बारीक. बाप वीज केंद्रातून रिटायर झालेला, त्यामुळे स्विच, फ्यूज, कुलूप या गोष्टी त्याला लहानपणापासून शिकवलेल्या. बोलायचा कमी. त्याचं काम इतकं नीट, की तो जाऊन आला त्या इमारतीचा फोन महिना महिना यायचा नाही. अडचण एवढीच होती की नीट काम करायला वेळ लागतो आणि पट्टीला ते कळत नाही. त्याच्या नावावर दोनदा लाल लागून झाली होती. मेकॅनिकांची कंत्राटं दर वर्षी नवी व्हायची, त्याचं त्या जानेवारीअखेर संपत होतं. साहेबांनी मला सांगितलं होतं, "मॅडम, याची तिसरी लाल झाली तर मी सही करू शकणार नाही. वरून विचारतात." मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हाव ताई," आणि टूलबॅग उचलून गेला. घरात कमावणारा तो एकटा होता.

नेमकं त्याच महिन्यात आमचा एक मेकॅनिक स्वतःच्या लग्नासाठी सुट्टीवर गेला. उरले तीन. पाळ्यांचा तक्ता मीच लिहायची. कोराडीवाल्याला आणि सोबतीला आणखी एकाला मी आठवडाभर रात्रपाळी लावली, दिवसाच्या फेऱ्यांत तिसरा गुंतलेला; सकाळी जड काम आलं की तेही कोराडीवाल्यालाच द्यायला लागले, कारण तो नाही म्हणत नसे. खरं सांगायचं तर नाही न म्हणणाऱ्या माणसावर काम टाकणं मला सोयीचं होतं.

लिफ्टच्या कामातला एक नियम इथं सांगते, तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इमारतीच्या गच्चीवर एक छोटी खोली असते, मशीन रूम. लिफ्टचा मेन स्विच तिथं. मेकॅनिकनं लिफ्टच्या बोगद्यात, म्हणजे शाफ्टमध्ये उतरण्याआधी तो स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि स्वतःच्या नावाची लाल पाटी अडकवायची. ते कुलूप लावणाऱ्यानंच काढायचं. सोसायटीचा सेक्रेटरी येवो, बिल्डर येवो, आमचे साहेब येवोत, दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही, कारण आत कुठं माणूस असेल आणि लिफ्ट सुरू झाली तर संपलं. प्रत्येकाच्या कुलपाची जादा किल्ली ऑफिसात बंद पाकिटात, माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. ते पाकीट फोडायचं तर एकच अट: तो माणूस शाफ्टच्या बाहेर आहे हे आधी आपल्या डोळ्यांनी पाहायचं.

त्या दिवशी सकाळी प्रताप नगरातूनच तक्रार आली. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून असलेली सात मजल्यांची इमारत, लिफ्टचं दार मध्येच उघडत होतं. मी कोराडीवाल्याला पाठवलं. रात्री तो तीन ठिकाणी जाऊन आला होता हे मला पट्टीवर दिसत होतं. नऊ वाजता त्याचा फोन आला, "ताई, पोचलो. कुलूप लावून राहिलो." मी बरं म्हणाले आणि दुसरा फोन उचलला.

साडेदहाला त्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन. लिफ्ट दीड तास बंद आहे, तुमचा माणूस वर गेला तो खाली आलाच नाही, मशीन रूमला आतून कडी आहे, ठोठावलं तरी उत्तर नाही, मोबाइल आत वाजतोय. मी त्याला चार वेळा फोन लावला. वाजत राहिला.

मशीन रूमच्या जमिनीत दोर जाण्यासाठी मोकळी जागा असते, आणि काही जुन्या इमारतींत ती भलती मोठी, माणूस खाली शाफ्टमध्ये पडेल एवढी ठेवलेली असते. माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. मी ड्रॉवरमधलं पाकीट घेतलं, ऑफिसचा फोन मोबाइलवर वळवला, त्याच मेकॅनिकच्या नावावर लागलेल्या पुढच्या दोन तक्रारी तशाच सोडल्या आणि स्कूटर काढली. सदर ते प्रताप नगर मी कशी आले ते मला आजही सांगता येणार नाही. एका सिग्नलला मी स्वतःशी मोठ्यानं बोलत होते हे शेजारच्या ऑटोवाल्याच्या तोंडाकडे पाहून कळलं.

इमारतीच्या खाली छोटी सभाच भरली होती. सहाव्या मजल्यावरच्या एक बाई पालकाच्या जुड्या मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आमच्या सासूबाई. त्या दोघी एकाच भाजीवाल्याच्या गिऱ्हाईक.

"काहून वं, तू कशी इकडे?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, आमचा माणूस वर आहे. नंतर सांगते."

माझं तोंड पाहून त्यांनी पुढं काही विचारलं नाही. सेक्रेटरी मात्र लोखंड कापायचं हॅक्सॉ ब्लेड घेऊन तयारच होते. म्हणाले, "मॅडम, दरवाजा तोडून टाकू, कुलूप कापून टाकू, दोन मिनिटांचा खेळ आहे." मी त्यांना सांगितलं की त्या कुलपाला हात लावलात तर तुमचा हात मी कापीन. हे मी ओरडून नाही, अगदी सावकाश सांगितलं. त्यांनी ब्लेड खिशात ठेवलं.

सात मजले मी चढले. गच्चीवर हिवाळ्याचं कोवळं ऊन पडलं होतं, कोणीतरी सांडगे वाळत घातले होते. मशीन रूमच्या भिंतीत वर एक जाळीची खिडकी होती. मी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढून आत डोकावले.

तो खाली पुठ्ठा अंथरून झोपला होता. टूलबॅग डोक्याखाली, हात पोटावर. बूट काढून भिंतीशी नीट जोडीनं ठेवलेले, मोजे त्यात खोचलेले. आणि नवऱ्याला मागं टाकील असं घोरणं. स्विचवर कुलूप होतं, त्यावर त्याच्या नावाची लाल पाटी.

आधी मला रडू आलं. मग एवढा संताप आला की खाली उतरून मी दारावर थाप मारायला हात उचलला. बूट काढलेत, मोजे काढलेत, पुठ्ठा अंथरलाय. हा माणूस काम करता करता पेंगला नव्हता, बेत करून झोपला होता. माझा जीव जायची वेळ आली होती आणि हा इथं पाहुण्यासारखा निजलाय.

हात तसाच राहिला. कारण मला आमचा रोजचा तक्ता आठवला. साहेबांनी घड्याळाबरोबर एक सुरक्षेचा तक्ताही आणला होता. त्यात कामावर असलेल्या प्रत्येकाच्या नावापुढं रोज सकाळी एक रकाना भरायचा: पुरेशी झोप झाली आहे का? होय की नाही. फोन करून विचारायचं आणि लिहायचं, अशी सूचना होती. मी पहिले चार दिवस विचारलं. मग वेळ होईना. आम्ही ऑफिसातल्या बायका नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं की सगळे सणवार एकदम लाल पेनानं गोल करून टाकतो, तसं मी महिन्याच्या एक तारखेला बसून सगळ्यांच्या नावापुढं तीसही दिवस 'होय' लिहून टाकायला लागले. वरच्या ऑफिसला आमचा तक्ता फार आवडायचा. नागपूरची माणसं सगळ्यात चांगली झोपतात असं तिकडं मत होतं.

म्हणजे त्या सकाळीही त्याच्या नावापुढं 'होय' होतं, माझ्या अक्षरात, आणि ते मी तो महिना उजाडला त्या दिवशीच लिहून ठेवलं होतं.

दार ठोठावलं असतं तर तो उठला असता, माफी मागितली असती, आणि लगेच शाफ्टमध्ये उतरला असता. तिथून निघून पुढच्या दोन तक्रारींच्या शाफ्टमध्ये उतरला असता. मला ते नको होतं. मी जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खाली वाकून सेक्रेटरींना सांगितलं, "माणूस सुखरूप आहे. काम नाजूक आहे. अजून वेळ लागेल." खाली कुजबुज झाली. तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, "मशीनचं ऑपरेशन सुरू हाय म्हन्ते. गलका नका करू. डॉक्टरले घाई केली तं पेशंट जाते." पुढच्या तासाभरात त्यांनी त्या पालकाच्या जुड्या निवडून दिल्या, असं नंतर कळलं.

पट्टी पिवळी होती. मी सांडग्यांपासून जरा दूर, भिंतीला पाठ लावून उन्हात बसले. दहा मिनिटं बसू, मग त्याला उठवून घरी पाठवू, पट्टीचं काय ते साहेबांशी बोलू, असं ठरवलं. आतून घोरण्याचा आवाज एका लयीत येत होता. पाठीला भिंत ऊबदार लागत होती.

जाग आली तेव्हा ऊन तोंडावरून सरकून पायांवर आलं होतं आणि समोर साहेब उभे होते. सात मजले चढून आल्यामुळे ते टाय सैल करून कठड्याला धरून उभे होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं. माझ्या मांडीवर मोबाइल होता. त्यावर न उचललेले अकरा फोन होते. रात्री पाखरू फडफडलं तरी उठणारी मी, मांडीवर अकरा वेळा वाजलं तरी उठले नव्हते. पट्टी लालभडक झाली होती.

"मॅडम," साहेबांना अखेर श्वास सापडला, "तुम्हीसुद्धा?"

मी उभी राहिले आणि साडी झटकली. साहेबांनी टाकीच्या कट्ट्यावर चढून जाळीतून आत पाहिलं, खाली उतरले आणि दारावर जोरात तीन थापा मारल्या. आत घोरणं थांबलं. थोड्या वेळानं कडी निघाली आणि तो बूट घालून बाहेर आला. आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग उन्हाकडे. किती वाजले ते त्याला उन्हावरून कळलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला.

"तिसरी लाल," साहेब म्हणाले. ते रागानं बोलत नव्हते, ते जास्त वाईट होतं. "मी तुमच्यासाठी वर किती शब्द टाकले होते. आता मी काय सही करू?"

तो वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. मला वाटलं, आत्ता मीही गप्प राहिले तर प्रकरण इथंच मिटेल. तो जाईल, मी राहीन. हा विचार माझ्या मनात आला हे मी लपवत नाही. मग मी म्हणाले, "साहेब, त्याच्या आठवडाभराच्या रात्री मी लावल्यात. दिवसही मीच लावलेत. आणि झोपेचा तक्ता मी न विचारता भरते. एक तारखेला बसून सगळा महिना भरते."

"सगळा महिना?"

"होय. सगळीकडे होयच."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. तो तक्ता त्यांनी मीटिंगमध्ये मोठ्या अभिमानानं दाखवला होता, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं. मग ते त्याच्याकडे वळले. "ठीक आहे. पण तुम्हाला इतकी झोप येत होती तर फोन का केला नाही? सांगायचं होतं, मी नाही करू शकत. मॅडमनी दुसऱ्याला पाठवलं असतं."

"म्हनूनच नाही केला साहेब," तो म्हणाला. तो कुलपाच्या किल्लीशी चाळा करत होता. "आत उतराले गेलो तं डोळ्यासमोर दोर दोनाचे चार दिसून राहिले होते. म्हटलं, आज उतरलो तं मी काही वापस येत नाही. पयले कुलूप लावलं, मंग झोपलो. ताईले फोन केला असता तं त्यायनं दुसऱ्याले पाठवलं असतं, अन् तो बी माझ्यासंगच रातभर जागा होता. माझं कुलूप हाय तोवर त्याले इथं कोनी उतरवत नाही."

साहेबांनी खिशातून मोबाइल काढला.

"तो दुसरा आत्ता कुठे आहे?"

मी पट्टी पाहिली. "धंतोलीत. शाफ्टमध्ये असेल."

साहेबांनी फोन लावला. वाजत होता. आम्ही तिघं त्या मोबाइलकडे पाहत उभे होतो. खालून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, कोणीतरी हसलं. सात-आठ वेळा वाजला. साहेबांचा दुसरा हात कठड्यावर होता आणि बोटं पांढरी पडली होती. मग पलीकडून आवाज आला, बोगद्यातून येतो तसा घुमणारा.

"हा साहेब, दोन मिनिटांत होते काम, पट्टी अजून हिरवीच हाय."

"काम राहू द्या," साहेब म्हणाले. "बाहेर या."

"साहेब, बस एक नट..."

"नट राहू द्या हो. मी फोन चालू ठेवतो. बाहेर या आणि मला सांगा."

धातूवर बुटांचा आवाज, कण्हल्यासारखं काहीतरी, मग दार सरकल्याचा आवाज. मग साध्या, मोकळ्या आवाजात तो म्हणाला, "आलो साहेब. का झालं?"

"काही नाही. घरी जाऊन झोपा."

"आत्ता?"

"आत्ता. मी सांगतोय."

फोन ठेवून साहेब त्या भिंतीशी, मी बसले होते तिथं, खाली बसले. बराच वेळ त्यांनी टायची गाठ नुसती बोटात फिरवली. मग मान वर न करता ते कोराडीवाल्याला म्हणाले, "तुम्हीही घरी जा. गाडी चालवू नका, बसनं जा. लिफ्ट आज बंद राहील, तशी पाटी खाली मी स्वतः लावतो. कंत्राटावरची सही सोमवारी ऑफिसात येऊन घ्या." तो "हाव साहेब" म्हणाला, दोन पायऱ्या उतरला, परत येऊन स्विचवरचं कुलूप ओढून पाहिलं, आणि मग गेला.

मी जायला निघाले तेव्हा साहेबांनी विचारलं, "मॅडम, तो जो आत्ता शाफ्टमधून बाहेर आला, त्याच्या नावापुढेही आज 'होय' आहे?"

"सगळ्यांच्याच नावापुढं आहे साहेब," मी म्हणाले. "माझ्या आहे. तुमच्याही आहे."

ते हसले. मी त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना पाहिलं. मग हसणं थांबलं, आणि रात्री दोन-दोन वाजता मला मेल पाठवणारा तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "मला कधी कोणी विचारलंच नाही."